उभ्या गाडीचं दुखणं

गाडी पळत असली की तिला काही होत नसे. उभी राहिली की दुखणं सुरू. सिग्नल लाल झाला, वनमालानं ब्रेक दाबला, की इंजिन आधी कुरकुरायचं, मग अख्खी गाडी गदागदा हलायची, आणि सिग्नल हिरवा व्हायला दोन सेकंद उरले की इंजिन गप्प. मग मागचे हॉर्न, बाजूच्या रिक्षावाल्याचं खिडकीत वाकून बघणं, आणि बाई दिसली की त्याच्या तोंडावर उमटणारं ते ठरलेलं हसू. दोन महिन्यांत वनमालानं ते हसू इतक्या तोंडांवर पाहिलं होतं की आता ती मान वळवतच नसे.

बरं, रोज बंद पडेल तर तेही नाही. सोमवारी पडायची, बुधवारी शहाण्यासारखी वागायची, शुक्रवारी पुन्हा तेच. त्यामुळे आज काय होणार याची धाकधूक डोळे उघडल्यापासून. भांडुपच्या घरी मिक्सर फिरवताना मिक्सर अडखळला तरी हिला गाडीच आठवायची. वाटेत कुठे किती सिग्नल, कुठल्या गल्लीतून गेलं तर एक टळतो, हे तिला पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

आणि गाडी चालवण्यावाचून तर सुटका नव्हती. आठवड्यातून तीनदा ती कांजूर गावातल्या मॉनिका आंटींना पवईच्या हॉस्पिटलात डायलिसिसला नेई आणि चार तासांनी घरी आणून सोडी. आंटी निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. हॉस्पिटलात मशीनची वेळ ठरलेली असे. अर्धा तास उशीर झाला की मशीन दुसऱ्याला लावून मोकळे होत. लग्नानंतर पंधरा वर्षांत वनमालानं स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं हे पहिलं काम. ते तिला फार प्रिय होतं, अगदी कोणी विचारलं तर चारचौघांत सांगेल इतकं.

नवरा सुयोग मस्कतला नोकरीला, सासरे तिच्याजवळ भांडुपला. रोज संध्याकाळी त्याचा फोन, आणि हल्ली रोज तोच विषय. त्याचं निदान ठरलेलं होतं, गाडी न बघताच. गाडीला काही झालेलं नाही, तुझ्या पायाला झालंय. क्लच लवकर सोडतेस. डिसेंबरात मी येतोय, तोवर दोष निघाला तर ठीक, नाहीतर गाडी विकून टाकू. एजंटशी बोलूनही ठेवलं होतं महाशयांनी. समुद्रापलीकडून बायकोचा पाय दिसणारा असा डोळा एखाद्या मेकॅनिकला असता तर काय हवं होतं!

मेकॅनिक होता तो रोझारिओ, मॉनिका आंटींचा धाकटा भाऊ. गावातल्या क्रुसाच्या मागच्या बोळात त्याचं गॅरेज. पस्तीस वर्षांचा अनुभव आणि एक जन्माची खोड: गाडीचं बॉनेट उघडलं की आधी इंजिन ऑइलची काडी उपसायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा बुडवून तेल किती ते बघायचं, आणि अंगठ्यानं टच्चकन खाली दाबून बसवायची. हॉर्न वाजत नाही म्हणून कोणी आला तरी आधी काडी. त्याच्या गुरूनं लावलेली शिस्त, तिच्यापुढे कोणाचं काही चालत नसे.

वनमाला त्याच्याकडे तीनदा जाऊन आली. पहिल्यांदा त्यानं प्लग बदलले. दुसऱ्यांदा इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल साफ केला. तिसऱ्यांदा भाच्याकडून स्कॅनर मागवून जोडला, तेव्हा आधीच्या दिवसांची नोंद निघाली की इंजिनात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त जातेय. कुठून तरी चोरून हवा शिरते आहे, असं म्हणून त्यानं एकेक पाइप तपासला, फवारे मारले, पण एकातही गळती सापडली नाही. आणि तिन्ही वेळा त्याच्या गॅरेजात ती गाडी पोट भरलेल्या मांजरासारखी घुरघुरत उभी राहिली, थरथर नाही की कुरकुर नाही. तिसऱ्यांदा रोझारिओनं तिला जरा चालवून दाखवायला सांगितलं आणि तो इंजिनाकडे न बघता तिच्या पायांकडे बघत राहिला. वनमालाला ते फार लागलं. सुयोगनं म्हटलं तर नवरा आहे म्हणून सोडून देता येतं. पण ज्याला गाडी कळते त्यालाही पायाचाच संशय यावा?

त्या शुक्रवारी गांधीनगरच्या सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा सुरूच झाली नाही. मागच्या सीटवर मॉनिका आंटींच्या बोटांत जपमाळ फिरत होती, पण डोळे घड्याळावर होते. शेवटी दोन पोरांनी ढकलून गाडी कडेला घेतली. वनमालानं रिक्षा थांबवली, आंटींना आत बसवलं, पिशवी मांडीवर दिली. आंटींनी रागावून काही म्हटलं असतं तर बरं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "रोझारिओला इथंच बोलाव. गाडी त्याच्याकडे नेऊ नकोस, तिथं ती शहाणी होते." रिक्षा निघून गेली आणि वनमालाला रस्त्यावर उभ्याउभ्या रडू आलं.

पंधरा मिनिटांत रोझारिओ स्कूटरवरून आला. तोवर गार झालेली गाडी पहिल्या चावीला सुरू झाली, पण तीच थरथर घेऊन. त्यानं बॉनेट वर केलं. हात सवयीनं काडीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. काडी आधीच बोटभर वर उभी होती.

"हिला तू हात लावलास?"

"नाही, अंकल. मला तर ती कुठं असते तेही धड ठाऊक नाही."

"मग ऐक."

त्यानं अंगठ्यानं काडी दाबली. थरथर थांबली. इंजिन एका सुरात आलं. त्यानं काडी बोटभर वर ओढली, गाडी पुन्हा हलायला लागली. पुन्हा दाबली, पुन्हा शांत. असं त्यानं चारपाच वेळा केलं, आणि मग तिथंच कठड्यावर बसून स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

चोरटी हवा काडीच्या भोकातून जात होती. वेगात असताना इंजिनाला तेवढ्या हवेनं फरक पडत नाही. उभं असताना त्याला मोजकाच श्वास हवा असतो, तिथं बिघडतं. "आणि माझ्याकडे आणलीस की मी आधी काय करतो? वर आहे की खाली ते न बघताच काडी काढतो आणि नीट बसवतो," तो म्हणाला. "दोन महिने रोग मीच बरा करत होतो आणि मीच शोधत होतो. वर तुझ्या पायांकडे बघत बसलो. माफ कर मला." मग त्यानं विचारलं, "पण रोज काढतं कोण?"

वनमालाला उत्तर प्रश्नाआधीच कळलं होतं. सासऱ्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर काळे डाग पडत होते, घासून निघत नव्हते. धाकू, तिचे सासरे, गिरणीत तीस वर्षं मागावर होते. पाळी सुरू व्हायच्या आधी मशीनचं तेलपाणी स्वतःच्या हातानं करायचे, आणि ते कसं करायचे हे घरात सगळ्यांनी शंभरदा ऐकलं होतं. पहाटे दुधाला ते जात. गाडीची चावी दारामागच्या खिळ्याला, जाता-येता त्यांच्या हाताशी.

आधी तिला संताप आला. मग त्याहून मोठा आनंद झाला. पाय निर्दोष होता! आत्ताच्या आत्ता मस्कतला फोन लावावा आणि एकेक शब्द चावून सांगावं, असं तिला झालं. पण हॉस्पिटलात आंटी एकट्या होत्या. ती निघाली, आणि हॉस्पिटलपर्यंत सगळ्या सिग्नलला गाडी गुणी मुलीसारखी उभी राहिली.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा धाकू गॅलरीत वाट बघत होते. आज बंद पडली का, हे तिनं चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं. पडली, म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "उद्यापासून दोनदा बघतंय गो तेल," ते म्हणाले. "मशीनीक रोज हात लावूक होयो."

वाटभर जुळवलेली वाक्यं वनमालाच्या तोंडातच राहिली. म्हणजे गाडी बंद पडते म्हणून हे तेल बघत होते, आणि हे तेल बघत होते म्हणून गाडी बंद पडत होती. ती पाणी प्यायली, त्यांच्यासमोर बसली आणि तिनं सरळ सांगितलं. काडी पूर्ण खाली जात नाही, बाबा. वर राहते.

 धाकूंनी उजवा हात मांडीवरून उचलून समोर धरला. तो हलत होता, आणि थांबवू म्हटल्यावर जास्तच हलायला लागला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की गेले कित्येक दिवस हे चहा सगळे उठून गेल्यावरच पितात.

"सुयोगाक सांगू नको," ते हळूच म्हणाले. "तो माका गावाक धाडतलो. थंय मी काय करू?"

सुयोगनं तसं बोलून दाखवलंही होतं. बाबा थकले की गावाला कुंडलिककाकांकडे ठेवू, तिथं माणसं आहेत.  आणि ठरलेल्या वेळी फोन वाजला.

तिनं तो नेहमीसारखा स्पीकरवर टाकला. सुयोगनं पहिलाच प्रश्न केला, निघालं का काही? वनमालानं सासऱ्यांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. 

"निघालं. माझंच चुकत होतं. क्लच लवकर सोडत होते. रोझारिओ अंकलनी शिकवलं नीट. आता नाही पडणार."

"मी काय सांगत होतो?" सुयोगच्या आवाजात समाधान मावत नव्हतं. "एवढे प्लग न् काय काय बदलत बसलात. तुला ना, ऐकायचंच नसतं. बाईनं गाडी—"

धाकू उठले. चार पावलांत टेबलाशी आले आणि त्यांनी फोन दोन्ही हातांनी उचलला, कारण एका हातानं तो धरवला नसता.

"सुयोगा," ते म्हणाले. "ती खोटा बोलता. गाडी ती बरी चलयता. चूक माझी आसा. माझो हात आता थीर रवणा नाय."

 फोन धाकूंच्या हातांत हलत होता. वनमाला उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.