बिनकापडाची खिडकी

काजवालीचे काम उजेडावर चालायचे. यंत्राने पाडलेली काजे दोन धुण्यांत विसकटतात, म्हणून भारी शर्टांची काजे हाताने करून घ्यायला कारखान्याचा माणूस गठ्ठा आणून टाकी आणि ही तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी खुर्ची ओढून दिवसभर मान मोडून बसे. खाली अंगण, अंगणाभोवती चारी बाजूंना खिडक्या. दुपारी कोण कुणाशी भांडले आणि कुणाकडे पाहुणे आले, हे तिला मान वर न करता कळायचे.

त्या दुपारी जिन्यावर खोकला वाजला आणि काखेत पांढऱ्या कापडाचा तागा घेऊन सेक्रेटरी वर आले. इमारतीच्या मंडळाचे ते इतकी वर्षे सेक्रेटरी होते, की घरी त्यांची बायकोसुद्धा त्यांना सेक्रेटरीच म्हणते अशी थट्टा चाले.

"वहिनी, रविवारी आपला कार्यक्रम. अंगणात स्मृतिशिला बसवतोय, कळलं असेलच. आणि त्या दिवसांची आठवण म्हणून प्रत्येक खिडकीत पांढरं कापड. अगदी तसंच! तेवढ्या कडा दुमडून द्या. तुमच्यासारखा टाका दुसऱ्या कुणाचा नाही."

काजवालीच्या हातातली सुई थांबली.

"बघते, काका," ती म्हणाली.

"बघते काय? करेल की!" आतून सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "इमारतीचं काम म्हणजे आपलंच."

सेक्रेटरी तागा ठेवून गेले. तो साधा कापडाचा तागा, पण काजवालीला त्याच्याकडे बघवेना, आणि का ते सांगण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

साथ आली, रस्ते ओस पडले, त्या पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरींनी एक युक्ती काढली होती. ज्या घरात सगळे ठणठणीत आहेत, त्या घराने रोज सकाळी खिडकीत पांढरे कापड लावायचे. ज्या खिडकीत कापड नसेल, तिथे आजार आहे असे समजून शेजाऱ्यांनी दाराशी जेवण आणि औषध पोचवायचे. युक्ती चांगली होती आणि तिच्यामागचा हेतूही चांगला होता, हे कबूल केलेच पाहिजे. पहिल्या दिवशी सगळ्या खिडक्या पांढऱ्या झाल्या तेव्हा लोकांनी एकमेकांना हात हलवले, कुणाकुणाचे डोळेही भरून आले.

मग एका सकाळी तळमजल्यावरच्या घड्याळजींची खिडकी मोकळी राहिली. घड्याळे दुरुस्त करणारा सरळ माणूस. बायकोला ताप आला, त्याने नियमाप्रमाणे कापड काढले. त्या संध्याकाळी त्यांच्या दाराला बाहेरून कडी पडली. कडी घालायला सेक्रेटरी गेले होते आणि इमारतीतच राहणारा कोपऱ्यावरचा दुकानदार शेजारी बॅटरी धरून उभा होता. असा हुकूम कुठल्याही सरकारने काढलेला नव्हता. सरकार म्हणत होते, घरात राहा. कडी इमारतीने स्वतःच्या डोक्याने घातली. जेवण पहिल्या दिवशी पोचले, दुसऱ्या दिवशी पोचवणाऱ्याच्या बायकोने त्याला अडवले. घड्याळजींची बायको खिडकीतून पाणी मागायची, आणि अंगणातल्या खिडक्या एकेक करून बंद व्हायच्या. तिसऱ्या मजल्यावरचीही बंद झाली. पुढे एक गाडी आली, दोघांना घेऊन गेली, घर विकले गेले. ती दोघे जगली की नाही, हे इमारतीत कुणाला ठाऊक नव्हते, आणि विचारायचे कुणाच्या मनातही नव्हते.

नंतर ताप काजवालीच्या घरात आला. तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. धिप्पाड, मोठ्याने हसणारा गडी. तो चादरीखाली कुडकुडत म्हणाला, "कापड काढू नकोस. घड्याळजींचं काय केलं बघितलंस ना?" म्हणून रोज सकाळी कापड लागायचे. ती नवऱ्यापाशी बसलेली, सासूबाईंचे गुडघे धरलेले, तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर चढून कापड लावायचे काम तेरा वर्षांच्या मुलीकडे आले. मुलगी घरात अखंड बडबडायची, म्हणून सगळे तिला बोलकी म्हणत. तोंडात दोन चिमटे धरून ती दोरीला कापड लावायची, आणि खालून सेक्रेटरी अंगठा वर करून दाखवायचे. दवाखान्याच्या गाडीचा नंबर भिंतीवर चिकटवलेला होता. तो फिरवला असता तर गाडी अंगणात आली असती, म्हणजे सगळ्यांना कळले असते. अखेर फिरवला, तोवर खूप उशीर झाला होता. खिडकीत कापड फडफडत होते आणि आत बसचालकाचा श्वास थांबला होता. लोकांना सांगितले, हृदय बंद पडले. लोकांनी ते आनंदाने खरे मानले.

तागा आला त्या संध्याकाळी बोलकी कॉलेजातून आली आणि तो कापून पलंगावर रचलेल्या कापडांच्या चळतीकडे पाहत पायातले बूट न काढताच उभी राहिली. आता ती अठरा वर्षांची होती आणि नाव तेवढे बोलके उरले होते. ती न्हाणीत गेली आणि कितीतरी वेळ आतून नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. जेवायला बसली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना काजवालीला जाग आली तेव्हा मुलगी खिडकीच्या कट्ट्यावर उभी होती. हातात कापड, तोंडात चिमटे.

"लावते हं, आई," ती तेरा वर्षांच्या आवाजात म्हणाली. "सेक्रेटरी काका खाली यायच्या आत लावते."

काजवालीने धावत जाऊन तिला कमरेला विळखा घालून खाली घेतले. मुलगी भानावर आली, आणि इतक्या वर्षांत न बोललेले एकदम बोलली.

"मीच लावायचे ना रोज? एक दिवस विसरले असते तरी चाललं असतं, आई. एकच दिवस. खिडकी मोकळी दिसली असती, कुणीतरी वर आलं असतं. बाबा वाचले असते."

"अगं, मी सांगितलं म्हणून लावलंस तू. तुझा काय दोष?"

"हात माझे होते."

काजवालीने त्या दिवसापासून कामाची कात्री उशाखाली घेऊन झोपायला सुरुवात केली आणि खिडकीची खालची खिट्टी तारेने आवळून बांधली. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या ती घ्यायची, आणि पुन्हा भिंतीकडे वळायची. आपल्या डोळ्यांदेखत हे पोर हातचे चालले आहे, हे काजवालीला कळत होते.

इकडे अंगणात वेगळेच रण माजले होते. दुकानदाराने कार्यक्रमाला विरोध करायचा चंग बांधला होता आणि इमारतीत सरळ दोन तट पडले होते. शुक्रवारी सभा भरली, ती हमरीतुमरीवर आली.

"शिलेवर लिहायचं, 'आम्ही एकजुटीने लढलो,'" सेक्रेटरी म्हणाले. "निर्बंध पाळले म्हणून आज इथे उभे आहोत. नाहीतर अर्धी इमारत रिकामी झाली असती!"

"उभे तुम्ही आहात. मी आडवा झालो!" दुकानदार ओरडला. "माझ्या दुकानाला महिनोन्‌महिने कुलूप. पोरांच्या शाळा गेल्या. माझी आई दवाखान्यात एकटी गेली, मला काचेतूनसुद्धा बघू दिलं नाही. आणि त्याचा तुम्ही सोहळा करताय? मी खिडकीत काळं कापड लावणार. ज्याला लाज असेल त्याने लावावं!"

"शोभेल तुम्हाला. तोंड काळं करायला वेगळं कापड लागणार नाही," मागून कुणीतरी म्हणाले, आणि दोघांना आवरायला चार माणसे लागली.

खरे सांगायचे तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. निर्बंधांनी जीव वाचवले होते, आणि निर्बंधांनी माणसे एकटी पाडली होती. त्यावर शहाण्या माणसांनी वर्षभर बसून वाद घालावा, हरकत नाही. पण एवढ्या आरडाओरड्यात तळमजल्याच्या त्या दाराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तिथे दोन्ही पक्षांनी मूग गिळले होते.

काजवाली कोपऱ्यात उभी होती. बोलायचे ठरवूनच ती खाली उतरली होती. दुकानदाराची नजर तिच्यावर गेली.

"वहिनी, तुम्ही बोला! बाहेर पडायची बंदी नसती तर तुमचा माणूस वेळेवर दवाखान्यात पोचला असता. खरं की नाही?"

"त्यांना बोलावूच नका यात," सेक्रेटरी म्हणाले. "त्यांच्या घरी आजार नव्हताच. हृदयविकार होता. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्या खिडकीत कापड होतं, मी स्वतः बघायचो. आदर्श घर!"

काजवालीने तोंड उघडले. पण दोघे पुन्हा एकमेकांवर तुटून पडले होते. दोघांनाही तिचा नवरा हवा होता, तिचे म्हणणे कुणालाच नको होते. ती जिना चढून वर आली.

वळणावर बोलकी उभी होती. "नाही बोललीस ना?" तिने विचारले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे काजवालीला ते जास्त लागले.

रविवार उजाडला. कडा दुमडलेली कापडे घरोघर गेली होती. अंगण भरले, शिलेवर पडदा होता, दोरी सेक्रेटरींच्या हातात होती. बहुतेक खिडक्या पांढऱ्या, दुकानदाराच्या बाजूच्या पाचसहा काळ्या.

"सूनबाई, लाव गं ते कापड," सासूबाई काकुळतीला आल्या होत्या. "पांढरं लाव, काळं लाव, काहीतरी लाव. या लोकांत राहायचंय आपल्याला. माझा मुलगा गेला, आता घरावर बोट नको."

"आई, याच लोकांत राहायचं म्हणून तेव्हाही लावलं होतं," काजवाली म्हणाली. तिने खिट्टीची तार सोडली, खिडकी सताड उघडली आणि कापड लावायची दोरी कात्रीने कापून टाकली.

खाली सेक्रेटरींनी घसा साफ केला, वर पाहिले, आणि पडद्याची दोरी ओढायची ते विसरले.

"वहिनी, तुमचं कापड?"

एकेक मान वर झाली. सगळ्या अंगणात ती एकच खिडकी मोकळी होती. आणि मग जे झाले ते कुणी ठरवून केले नाही. खिडकीखालचे लोक दोन पावले मागे सरले. एका बाईने आपल्या मुलाला ओढून पोटाशी धरले. दुकानदाराने, त्याच निर्बंधांना शिव्या घालणाऱ्या दुकानदाराने, खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली माणसे बाजूला झाली. इतक्या वर्षांनी, निरोगी, उन्हाच्या सकाळी.

"बघितलंस?" काजवाली मुलीला म्हणाली. तिने बोलकीला दंडाला धरून खिडकीशी आणले होते. "नीट बघ. तू एक दिवस विसरली असतीस तर हे झालं असतं. कुणी वर आलं नसतं. हे असे मागे सरले असते, आणि संध्याकाळी कडी पडली असती."

मग ती खाली वाकून बोलू लागली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण चारी बाजूंनी बंद अंगणात तो सगळ्यांना ऐकू गेला.

"माझ्या माणसाला तोच आजार होता. आम्ही लपवला. कापड या पोरीने लावलं, कारण मी लावायला सांगितलं. आणि मी सांगितलं, कारण मला आजारापेक्षा तुमची भीती वाटली. काका, घड्याळजींच्या दाराला कडी घाला असं कुठल्या सरकारी कागदात होतं? आणि दुकानदारभाऊ, तुम्ही बॅटरी धरली होती, ती कुठल्या निर्बंधाने? घड्याळजींची बायको पाणी मागत होती तेव्हा खिडकी मीही लावून घेतली. मी काही वेगळी नाही. पण त्या दगडावर 'एकजुटीने' लिहिण्याआधी एवढं तरी बोला कुणीतरी."

सेक्रेटरींच्या हातातली दोरी लोंबत राहिली.

"या खिडकीत आज कापड नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "म्हणजे घरात आजारी माणूस आहे. तुमचाच नियम. माझी मुलगी आजारी आहे. 'बाबांना मीच मारलं' असं म्हणते. माझं एकटीचं ऐकत नाही ती. वर या. तिला सांगा, पोरी, तू नाही, आम्ही. एवढंच सांगायला या. मी पाया पडते तुमच्या."

ती खिडकीतून मागे झाली. खोलीत बोलकी जमिनीवर बसली होती आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन, बापाच्या मरणानंतर पहिल्यांदाच, मोठ्याने रडत होती. काजवालीने तिचे डोके मांडीवर घेतले. खाली कुजबुज सुरू झाली, मग खुर्च्या उचलल्याचे आवाज आले. कार्यक्रम मोडला होता. जिन्यावर अजून तरी पाऊल वाजले नव्हते.

सासूबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या गुडघ्यांवर हात रोवून उठल्या, शिलाईची खुर्ची खरडत दाराशी नेली, आणि दार उघडून ते मिटू नये म्हणून ती खुर्ची त्याला टेकवून ठेवली.

"येतील का गं कुणी, आई?" बोलकीने विचारले.

"माहीत नाही, बाळा," काजवाली म्हणाली. "पण आपण आता कडी लावायची नाही."