बारा इकडून, बारा तिकडून

लू मला ‘दादा’ म्हणाला की समजायचं, काहीतरी वाईट येतंय. तो आमच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक, पण शाळेच्या संघात माझ्या एक वर्ष मागे होता. माझे बूट पुसलेत त्यानं. म्हणून आता तो मला मुद्दाम नावानं हाक मारतो. गळ्याशी आलं की मात्र त्याच्यातला जुना धाकटा जागा होतो.

मोसमातल्या शेवटच्या सामन्याच्या सकाळी, सराव संपल्यावर, तो माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला.

“दादा, एक सांगायचं होतं.”

“मग नको सांगूस.”

“मालकांनी फुलं मागवलीत.”

“कुणाचं लग्न?”

“तुझा निरोप समारंभ आहे. सामना संपला की माइकवर दोन शब्द बोल. पुढच्या वर्षी गार्डची जागा थिंगची. तू माझ्या शेजारी बस, सहायक म्हणून. सदतिसाव्या वर्षी आणखी किती धावणार आहेस?”

“धावतो कोण? धावायला बाकीचे चौघे आहेत की.”

तो हसला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. चिआयी शहराच्या या संघात मी बारा वर्षं काढली. उंची एकशे बहात्तर. समोरचे धिप्पाड गडी मला बघून अजून हसतात आणि अजून फसतात. गार्डचं काम चेंडू पुढे आणायचं, कुणी कुठे जायचं ते ठरवायचं आणि घाई कधी करायची नाही ते ओळखायचं. ही शेवटची गोष्ट या बेटावर माझ्याइतकी कुणाला येत नाही. हा गर्व नाही. नोंद आहे.

ती मी आईकडून शिकलो. आईचं न्याहारीचं दुकान आहे. दहा वर्षांचा असल्यापासून शाळेआधी मी तिच्या तव्यापाशी उभा राहायचो. अंडापोळी मनात मोजून बारा आकडे एका बाजूनं, बारा दुसऱ्या बाजूनं. घड्याळ बघितलं तर उलथन्याचा फटका. “घड्याळ गिऱ्हाइकासाठी असतं,” ती म्हणायची. पुढे बास्केटबॉलमध्ये आलो आणि कळलं, की चेंडू हाती आल्यावर चोवीस सेकंदांत बास्केटकडे टाकावाच लागतो, नाहीतर तो समोरच्यांचा. मी मनात म्हटलं, अरे, ही तर आमची पोळी!

गुणफलकाच्या यंत्रावर हिरवं पाकीट ठेवायचं कामही बारा वर्षं माझ्याकडेच होतं. आत मक्याच्या गोड कुरकुरीत कांड्या. ते फोडायचं नाही, खायचं नाही, हिरवंच हवं, आणि मुदत संपलेलं चालत नाही. त्या खाऊच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’, म्हणून यंत्रही तसंच वागतं, अशी आमच्याकडे समजूत. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण ठेवायला विसरतही नाही. त्या दिवशी मात्र डोक्यात ती फुलं होती. खोक्यात होतं ते पाकीट उचललं आणि न बघता ठेवून दिलं.

सामना तैपेईच्या संघाशी. ते गुणांच्या तक्त्यात पहिले, आम्ही शेवटचे. लूनं मला बाकावर बसवलं. माझ्या मोज्यात भाषणाचा कागद घडी करून ठेवला होता, आणि तो टोचत होता. थिंग खेळत होता, छान खेळत होता. बावीस वर्षांचा पोरगा, वाऱ्यासारखे पाय. तीन मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो.

आणि फलक विझला. गुण गेले, वेळ गेली, चोवीसचे आकडे गेले. यंत्रवाल्यांनी तारा हलवल्या, एकानं हात जोडले. शेवटी पंचांनी ठरवलं, की टेबलावरचा माणूस हातातल्या घड्याळावर वेळ बघेल आणि निवेदक मधूनमधून सांगेल. पण त्या गोंगाटात निवेदकाला कोण ऐकतंय! थिंगनं एकदा घाबरून फार लवकर चेंडू टाकला, पुढच्या खेपेला हातातच धरून बसला आणि वेळ संपली. शेवटच्या मिनिटात तैपेई एका गुणानं पुढे गेलं.

लू बाकाशी वाकला. “मोजता येतं ना तुला अजून?”

“माझे बूट कुणी पुसलेत ते विसरलास का?”

“मीच पुसलेत. ऊठ!”

चोवीस सेकंद उरले होते आणि चेंडू आमचा होता. मी तो घेतला आणि मैदानाच्या मधोमध सावकाश उभा राहिलो. समोर तैपेईचा शिए, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि वीतभर उंच.

“काका, झोप आली का?” तो म्हणाला.

“तू झोप. मी उठवतो.”

मनात बारा झाले. पोळी उलटली. निवेदक ‘दहा’ म्हणाला आणि अख्खं सभागृह मोजायला लागलं, “नऊ! आठ! सात!” आमच्या चिआयीची माणसं फार प्रेमळ, पण मोजताना त्यांना दम निघत नाही. दहा आकडे सहा सेकंदांत संपवतात. बारा वर्षं ऐकतोय. थिंग हात पसरून ओरडत होता, “पेंगदादा, टाक!” लू ओरडत होता. “तीन! दोन! एक!” मी हललो नाही.

“शून्य!” आणि सगळे गप्प. वेळ संपली समजून शिएनं हात खाली सोडले. मी तिसऱ्या रांगेत बघितलं. आई दुकानाचा एप्रन तसाच बांधून आली होती. चोवीस मोजून झाले की ती तळवा उताणा करते; तो अजून मांडीवर पालथा होता. पोळी अजून तव्यावर होती.

मी शिएच्या काखेखालून गेलो आणि चेंडू अलगद बास्केटमध्ये ठेवला. तेव्हा कुठे टेबलावरचा भोंगा वाजला. आम्ही एका गुणानं जिंकलो.

पुढे सगळा गलका. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला, कुणीतरी फुलं आणली. कागद काढायला मी वाकलो, तेवढ्यात आई खाली उतरली, सरळ यंत्राकडे गेली, पाकीट उचललं आणि लांब धरून तारीख वाचली.

“काल मुदत संपलीय! कुणी ठेवलं हे?”

“मी.”

“गाढवा!” ती ओरडली. माइक चालू होता. अख्खं सभागृह हसलं.

मला जायचं नव्हतं, खरंच नव्हतं, आणि हे आता सांगितलं नाही तर कधी सांगणार? मी कागद परत मोज्यात खुपसला.

“मंडळी, चूक माझी आहे,” मी म्हणालो. “पुढच्या मोसमात तारीख बघून ठेवीन.”

क्षणभर कुणाला समजलं नाही. मग जो आवाज झाला, त्यात फुलं घेऊन उभा असलेला मालक दोन पावलं मागे सरकला.

थिंग माझ्याजवळ आला. त्याचे डोळे लाल होते. “आधी मला मोजायला शिकव,” तो म्हणाला. “मग बघ, तुला कसा काढतो ते.”

“पहाटे पाचला दुकानात ये. घड्याळ घरी ठेवून.”

त्याच्या मागून लू येत होता. त्याचं तोंड बघून काहीच कळत नव्हतं. तो ‘दादा’ म्हणेल म्हणून मी श्वास धरून थांबलो.

“शाओ-पेंग,” तो म्हणाला, “तीन पाकिटं आण. मोसम मोठा असतो.”