भुजंगरावांचं पेव

मी थापाडी हाय, हे आधीच सांगून टाकते. माझ्या सासऱ्यानं नुसत्या खोकल्यानं वाघ पळवला, ही गोष्ट मी इतक्या येळा सांगितली की शेवटी सासऱ्यालाबी ती आठवायला लागली. पर आज सांगते ती खरी हाय. हिच्यात थाप एकच, अन ती मी तवाच मारून बसले.

साल पंच्याऐंशी. आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं, आडवाटेला. त्या वर्साला रेडिओवर सारखं सांगायचे, लांब आफ्रिकेत दुष्काळ पडलाय, लेकरं उपाशी मरायलीत, अन आपलं सरकार तिकडं धान्य पाठवायलंय. ऐकून बरं वाटायचं. जलमभर घेणाऱ्यातले आमी, एकदम देणाऱ्यातले झालो. आमचे सरपंच दिनकरराव, त्यांना तर लयच बरं वाटलं. त्यांनी दवंडी दिली, घरटी एक पायली जोंधळा पंचायतीत आणून टाकायचा, गावातर्फे आफ्रिकेला. जो टाकणार न्हाई त्याला पंचायतीचा कसलाच दाखला मिळणार न्हाई. वरून कुणाचा हुकूम नव्हता. त्यांचं त्यांनीच ठरवलं.

पारावर सगळं गाव गोळा झालं, तवा भुजंगराव उठले. हे आमचे शेजारी. शेतकऱ्यांच्या संघटनेचा लाल बिल्ला छातीला कायम. आंघोळ करताना कातड्याला टोचून ठेवतेत, असं मी बायांना सांगत होते.

"दिनकरराव, त्या लेकरांचा पत्ता द्या," ते म्हणले. "माझी पायली मी पोत्यावर नाव लिहून रेल्वेत टाकतो."

"पंचायत पाठवती की. तुमाला कामून तरास?"

"पंचायतीचं शेत हाय का? सरकारचं हाय का? ज्याचं काई पिकत न्हाई त्यानं दान करायचं म्हणजे दुसऱ्याच्या कणगीत हात घालायचा. तिकडं सरकार देतंय ते कुणाचं देतंय? कुणाला इचारलं? दान मर्जीनं असतं. जबरीनं घेतलं की ती लेव्ही झाली, मग निजामाची असो न्हाईतर पंचायतीची."

"तिकडं लेकरं उपाशी हायत, भुजंगराव."

"हायत. म्हणून तर पत्ता मागायलोय."

मला त्यांचा लय राग आला. मी बायांतून म्हणले, "सरकार आपलंच हाय की. त्यानं दिलं तर पुण्य आपल्यालाबी लागंल."

"वैनी, तुमच्या ताटातलं तूप मी पावण्याला वाढलं, तर पुण्य कुणाला?"

"तुमाला तर न्हाईच. तुमी कवा कुणाला तूप वाढलंय?"

पार हसला. भुजंगरावबी हसले. पर पायली काई त्यांनी दिली न्हाई, अन दोन दिसांत 'भुजंग चिकट हाय' असं गावाचं झालं.

तिसऱ्या दिशी आमी खुरपायला होतो. धा-बारा बाया, पाठ मोडायली, टाईम जाईना. केशरबाई म्हणली, "चतुरा, सांग की काईतरी." ही केशरबाई सरपंचाची भावजय. मला तेवढंच पाहिजे असतंय.

मला एक ठावं होतं. उन्हाळ्यात एकदा मी भुजंगरावांना गोठ्यामागं वाकून शिळेला माती लिपताना बघितलं होतं. पेव होतं ते. पेव म्हणजे जमिनीतली विहीर म्हणा, तोंड लहान अन पोट मोठं. आतून कडबा लावायचा, धान्य ठेवायचं, वरून शिळा बसवून लिपून टाकायचं. निजामाच्या माणसांपासून दाणा लपवायला माझ्या बापानंबी काढलं होतं. वरून चाललेल्या माणसाला कळत न्हाई.

मी म्हणले, "भुजंगरावाच्या गोठ्यामागं पेव हाय. इतकं खोल, इतकं खोल, की पोळ्याला त्यात शेळी पडली ती दिवाळीला सेलूच्या बाजारात निघाली. निघाली ती निघाली, वर गाभण."

बायांची खुरपी हातातनं गळाली.

"अन मुंग्या? जोंधळा खाऊन खाऊन त्यांना ढेऱ्या सुटल्यात. चालवत न्हाई म्हणून त्यांनी बैलगाडी केलीय."

केशरबाई डोळे पुसत म्हणली, "खरंच पेव हाय का गं?"

"तर. मी डोळ्यानं बघितलंय."

एवढंच म्हणले मी. शेळी कुणाला खरी वाटली न्हाई, पर पेव वाटलं.

दुसऱ्या दिशी दिनकरराव कुदळी घेतलेली माणसं घेऊन गोठ्यामागं उभे. साठेबाजी धरायची होती त्यांना. आभाळ काळं झालतं. मागनं सगळं गाव बघायला. मीबी.

भुजंगराव शिळेवर बसले होते. "आज उघडू नका," ते म्हणले. "पाणी यायलंय. एकदा तोंड उघडलं की सगळं बाहेर काढावं लागतंय. उघडीप पडू द्या, मी माझ्या हातानं उघडतो. मग बघा काय बघायचं ते."

"तवर दुसरीकडं हलवायला?"

तवा मी पुढं झाले अन म्हणले, "आवं दिनकरराव, माझी थाप होती ती. काई न्हाई त्याच्यात."

सगळे हसायला लागले. एकजण म्हणला, "चतुराकाकू, आता थाप नका मारू." मी दोनदा म्हणले, तीनदा म्हणले. जितकं म्हणले तितकं हसले. जलमात पहिल्यांदा मला कुणी हसू नये वाटलं, अन त्याच दिशी मला त्यांना गप करता आलं न्हाई.

शिळा हलवली. आतनं गरम कोंदट वास आला. आत हवा हाय का म्हणून कंदील सोडून बघितलं, तो विझला न्हाई, मग माणूस उतरला. खोल कसलं, दीड पुरुस. पर पोती बरीच होती. वर आली तवा बघितलं, दर पोत्याच्या तोंडाला येगळ्या येगळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली. एक चिंधी हिरवी, पिवळ्या ठिपक्याची. ते लुगडं मला ठावं होतं. खुरपताना माझ्या शेजारच्या ओळीला असायचं. बायनाबाईचं.

बायनाबाई बुद्धवाड्यातली. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत तिथली सहा घरं जाळली होती, वर्साच्या जोंधळ्यासकट. जाळणारे कोण, हे गावाला ठावं हाय, अन गाव बोलत न्हाई. तवापासून त्या घरांचं धान्य भुजंगराव जमिनीखाली ठिवायलेत, हे मात्र गावाला ठावं नव्हतं. भुजंगरावांची आपली दोन पोती त्यात असायची, पेव उघडलं की ज्याचं सरलं त्यानं त्यातनं न्यायचं. न सांगता न इचारता. चिकट म्हणत होतो आमी ज्याला.

"ही कुणाची?" दिनकररावांनी इचारलं.

बायनाबाई गर्दीत उभी होती. तिनं भुजंगरावाकडं बघितलं. भुजंगरावांनी तिच्याकडं बघितलं न्हाई.

"माझी," ते म्हणले.

एकट्याची इतकी, म्हणून चार पोती आफ्रिकेच्या नावानं उचलली. बाकीची निम्मी आत टाकली, तवर पाऊस आला. असा आला की गोठ्याच्या पन्हाळीचं पाणी सरळ पेवात. बाहेरची पोती भिजली, आतली बुडाली. भुजंगराव एकटेच ओढत राहिले. बघायला आलेलं गाव घरी पळालं. मी एका पोत्याला हात लावला तर ते म्हणले, "राहू द्या, वैनी." रागानं म्हणले न्हाईत. त्याचंच मला वाईट वाटतंय अजून.

ती चार पोती पंचायतीच्या ओसरीवर दोन महिने पडली. तालुक्याचा साहेब आला अन म्हणला, असलं काई आमी घेत न्हाई. तवर जोंधळ्याला जाळ्या धरल्या होत्या. शेवटी जनावरांना घातला. तिकडच्या लेकराच्या तोंडात त्यातला दाणा गेला न्हाई, इकडच्याबी न्हाई.

भुजंगरावांनी पुढल्या सालात पेव परत लिपलं. पर पोतं कुणी आणलं न्हाई. बायनाबाई त्यांना म्हणली, "दादा, तुमच्यावर इस्वास हाय. पर आता जागा समद्यांना ठावी झाली." अन ती लेकरं घेऊन सेलूला कापसाच्या जिनिंगवर कामाला गेली.

सरकारनं लांबच्याला द्यावं का न द्यावं, मला आजबी कळत न्हाई. उपाशी लेकरू लांबचं असलं म्हणून त्याची भूक कमी होत न्हाई. पर देणाऱ्याच्या मनात नसताना घेतलेलं पोचत न्हाई, एवढं मी बघितलं.

सुगी झाल्यावर मी माझ्या वाटणीच्या जोंधळ्याचं पोतं यष्टीच्या टपावर टाकून सेलूला गेले. बायनाबाई पत्र्याच्या खोलीत राहात होती. तिनं पाणी दिलं, चहा केला.

"कुणी पाठवलं?" पोत्याकडं बघून तिनं इचारलं.

"कुणी न्हाई. माझ्या मनानं आणलं. बायना, ते पेवाचं माझ्या तोंडून गेलं."

"मला ठावं हाय," ती म्हणली. "मी त्या दिशी तुमच्या शेजारीच खुरपत होते की."

ती होती. हसणाऱ्यांत ती नव्हती, हे मला तवा आठवलं.

तिनं पोत्याचं तोंड सोडलं, शेजारच्या खोल्यांतल्या बायांना हाका मारल्या अन ज्याला त्याला सूपभर सूपभर घालायला लागली. स्वतःच्या घरात तिनं मूठभरबी घेतला न्हाई. "मला मिळतंय आता," म्हणली. "ह्या बायांचं काम सुटलंय." पोतं रिकामं झालं तवा झटकून, घडी करून तिनं माझ्या हातात दिलं.

मी उठले. म्हणले, "येते बाई."

ती म्हणली, "पाचची यष्टी भेटंल तुमाला."