देवीसाठी ठेवलेलं बोटभर पाणी

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. खाली जलबाबाची होडी बांधलेली. त्याने शिष्यांकडून होडीत तीन बादल्या पाणी ओतवलं, वर फळ्या बसवल्या आणि डफ बडवत आरोळी ठोकली, "जलदेवते, आलीस तशी जा! जा, जा, जा!"

मिनिटाभराने फळी उचलली. पाणी गायब! तळाशी जेमतेम बोटभर उरलेलं.

"ते मी मुद्दाम ठेवलंय," बाबा म्हणाला, "देवीच्या तहानेसाठी."

लोकांनी हात जोडले. मग मंतरलेले दगड निघाले. दगड होडीत ठेवायचा, पाणी आपसूक जातं म्हणे. गळक्या होडीत दगड! आणि तो घ्यायला समुद्र कोळून प्यायलेली माणसं रांगेत.

रांगेत माझा सख्खा भाऊही होता.

"दादा, काल पाणी उपसायचा पंप पसंत केलास ना? उद्या निघायच्या आत बसवून देते."

"राहू दे गं. वायरी, बॅटरी, कशाला ती कटकट? दगड घेतोय."

"काकांच्या होडीतही हाच दगड होता."

"त्यांची श्रद्धा कमी पडली, असं बाबा म्हणाले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काका गेल्या महिन्यात बुडाले. काकू अजून धक्क्याकडे फिरकत नाही. माणूस तर गेलाच, वर मरणाचा दोषही त्याच्याच माथी! आणि उद्या त्याच समुद्रात माझा भाऊ जाणार होता.

मी होड्यांची विजेची कामं करते, वीस वर्षं. छोट्या पंपाला तळाचं शेवटचं बोटभर पाणी ओढता येत नाही, हे मला झोपेतही सांगता येईल. देवीची तहान बरोबर तेवढीच कशी?

एक लहान नाव घेऊन मी बाबाच्या होडीच्या पलीकडच्या अंगाला गेले. सगळे धक्क्यावर, तिकडे बघणार कोण? होडीच्या कडेला अंगठ्याएवढं भोक होतं, अजून ठिबकत होतं.

"बाबा, माझ्या भावासाठी पुन्हा एकदा!" मी ओरडले. गर्दीनेही गलका केला. बाबाचा नाइलाज झाला.

पाणी ओतलं, डफ सुरू झाला आणि मी भोकावर तळहात घट्ट दाबला.

एक मिनिट. तीन मिनिटं. बाबाचा घसा बसला. त्याने फळी किलकिली केली, तर पाणी जिथल्या तिथे.

"इथे कुणी पापी आहे!"

"आहे ना, डफ वाजवतोय!" म्हणत मी हात काढला. पाण्याची धार सरळ माझ्या छातीवर आली. लोक वाकून बघू लागले. दादाने होडीत उडी मारून फळ्या उपटल्या. खाली मुठीएवढा पंप आणि त्याला लावलेला तरंगता स्विच. पाणी चढलं की चालू, उतरलं की बंद. फडक्यात गुंडाळलेली बॅटरी. डफ होता तो पंपाची घरघर झाकायला.

"तो... तो नुसता आधाराला!" बाबा पुटपुटला.

दादाने हातातला दगड पाण्यात टाकला. तो बुडाला, दगड बुडतात तसाच. दादाने वाकून पंपावर हात ठेवला. मग म्हणाला, "हाच पंप बसवायचा का?"

"याहून मोठा. त्याला तीन बादल्या उपसायच्या होत्या, तुला समुद्र उपसायचाय."

धक्क्यावरच्या मंडळींनो, माझा राग अजून गेलेला नाही, तुमच्यावरचाही. एवढंच विचारते: ज्याला स्वतःच्या, धक्क्याला बांधलेल्या होडीतही पंप लागतो, त्याच्या दगडाच्या भरवशावर तुम्ही घरचं माणूस खोल पाण्यात कसं पाठवता?