मूकपटातलं बोलणं

मी पडदा बोलतोय. सिनेमा थिएटरचा. एकशेबारा खुर्च्यांचं, एकाच खोलीचं आमचं थिएटर. तुम्ही माझ्याकडे बघता तेव्हा मीही तुमच्याकडेच बघत असतो. माझ्या अंगावर काय चाललंय ते मला दिसत नाही. दिसतात ते तुमचे चेहरे, माझ्याच उजेडात उजळलेले.

एका कारखान्यात मला पांढऱ्या जाड कापडापासून बनवलं. अंगभर सुईच्या टोकाएवढी हजारो भोकं पाडली, कारण आवाजाचे कर्णे माझ्या पाठीमागे असतात आणि आवाज माझ्यातून पार व्हावा लागतो. मग चौकटीला दोऱ्यांनी ताणून बांधलं. तेव्हापासून सव्वीस वर्षं मी ताठ उभा आहे.

थिएटरच्या मालकीणबाई पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. भावाने चालवायला जमत नाही म्हणून सोडलेलं हे थिएटर त्यांनी निवृत्त झाल्यावर हौसेने अंगावर घेतलं. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. वरच्या छोट्या खोलीतून सिनेमा दाखवणारे ऑपरेटरकाका माझ्याही आधीपासून इथे आहेत.

या वर्षी बाईंच्या डोक्यात आलं, की महिनाभर रोज वेगळा सिनेमा दाखवायचा. काकांनी कपाळाला हात लावला. पण बाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं.

आणि नेमकं महिना सुरू व्हायच्या चार दिवस आधी रंगाऱ्याची शिडी घसरली आणि माझ्या अंगात घुसली. डाव्या बाजूला वीतभर फाटलो. नवा पडदा यायला दोन महिने लागणार होते.

“तुमच्या मुलीला बोलवा की,” बाई काकांना म्हणाल्या. “इतकं सुरेख शिवते.”

“तिला थिएटरात काय करायचंय? ऐकू येत नाही तिला.”

“मी तिला ऐकायला नाही, शिवायला बोलावतेय.”

अशी ती आली. बत्तीस वर्षांची. गावात सगळे तिला शिलाईताई म्हणतात. चौथ्या वर्षी तापात तिचं ऐकणं गेलं. समोरच्याच्या ओठांवरून तिला बोलणं कळतं. स्वतःही बोलते, पण आवाज मध्येच चढतो, मध्येच घरंगळतो. चारचौघांत तिने तोंड उघडलं की काका स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायचे. मग ती गप्प व्हायची. बाप थिएटरात जन्म काढतोय आणि मुलीने आतून थिएटर पाहिलेलं नाही, अशी गत.

अडगळीत माझ्याच कापडाचा एक तुकडा पडला होता. तो तिने पाठीमागून लावला आणि भोकावर भोक येईल असा टाचणीने जुळवत दोन दिवस शिवत बसली. काकांनी आवाज तपासायला कर्णे सुरू केले तेव्हा ती दचकली. मग तिने दोन्ही तळहात कर्ण्यावर टेकवले आणि तशीच उभी राहिली, डोळे मिटून.

महिना सुरू झाला आणि मी थक्कच होत गेलो. हिमनद्यांचा माहितीपट लागला तेव्हा बाहेर रणरणतं ऊन होतं, पंखा बंद पडला होता, तरी लोकांनी कॉलर वर केल्या. भुताच्या सिनेमाला एका हवालदाराने शेजारच्या अनोळखी माणसाचा हात गच्च धरला आणि दिवे लागल्यावर, “तुमचं घड्याळ बघत होतो,” म्हणून सोडला. परदेशी भाषेतल्या, एकाच खोलीत घडणाऱ्या सिनेमाला अकरा माणसं आली. अकराही जण संपल्यावर उठेनात. बेकरीवाले तर रोज पहिल्या दहा मिनिटांत झोपायचे आणि उठल्यावर, “आजच्यासारखा सिनेमा झाला नाही,” असं छातीठोकपणे सांगायचे.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी मूकपट होता. आपल्याच भाषेत काढलेला, नव्वद वर्षांपूर्वीचा. त्यातली माणसं बोलतात, पण आवाज नाही. मध्येमध्ये पाटीवर वाक्य येतं, तेवढंच. गावातल्या संगीतशिक्षिका माझ्याशेजारी बसून पियानो वाजवणार होत्या. बाईंनी शिलाईताईला आग्रहाने तिसऱ्या रांगेत बसवलं.

लोक पाट्या मोठ्याने वाचतात, त्यावरून मला कळलेला सिनेमातला शेवटचा प्रसंग असा, की कठोर सासरा सुनेला घराबाहेर काढतो आणि ती तान्ह्या बाळाचा निरोप घेते. पाटी येते, ‘बाळा, तुझी आई पुन्हा कधीच दिसणार नाही.’ पियानो रडवेला झाला. रुमाल निघाले. आणि तेवढ्यात शिलाईताई खदखदून हसली.

“शू!” चहूकडून आलं. तिला कुठलं ऐकू येतंय! ती हसतच होती.

लोक गेल्यावर काका जिना उतरून तरातरा आले. चेहरा लाल.

“लाज आणलीस मला!”

तिने ते त्यांच्या ओठांवर वाचलं. हसू मावळलं. पण या खेपेला ती गप्प बसली नाही. “बाबा, तो सासरा म्हणाला, ‘बूट चावतोय, लवकर आटपा.’”

बाई दारातून मागे फिरल्या. “काय म्हणालीस?”

“तो हात उगारून तेच म्हणाला. बूट चावतोय.”

बाईंनी काकांकडे पाहिलं. “काका, तो भाग पुन्हा लावा.”

पुन्हा दिवे गेले. ती माझ्यापासून चार हातांवर येऊन उभी राहिली. सासऱ्याचं वाक्य तिने परत म्हटलं, तसं संगीतशिक्षिकांनाही हसू आवरेना. मग बाळाच्या आईची पाळी आली. मघाशी हसण्याच्या भरात शिलाईताईचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. आता मी तिचा चेहरा बघत होतो. तो एकदम शांत झाला.

“ती काय म्हणते?” बाईंनी तिच्या समोर येऊन विचारलं.

“ती म्हणते, ‘रडू नको रे सोन्या. हे सगळं खोटं आहे. झालं, आता आपण घरी जाऊ.’”

संगीतशिक्षिकांनी पियानोवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. नव्वद वर्षं लोक त्या नटीच्या आकांताला रडत आले होते, आणि ती मात्र भेदरलेल्या बाळाची समजूत घालत होती. ती नटी आता नाही. ते बाळही बहुधा नसेल. तिचं बोलणं तेवढं तिथेच होतं, कुणीतरी वाचायची वाट बघत.

“महिन्याच्या शेवटच्या दिवशी हाच सिनेमा परत लावू,” बाई म्हणाल्या. “आणि ही सगळ्यांना सांगेल, कोण काय म्हणतंय ते.”

“नको,” काका म्हणाले. “लोक हसतील तिच्या आवाजाला.”

शिलाईताईने दोघांचेही ओठ पाहिले होते. “हसू देत,” ती म्हणाली. “मला कुठे ऐकू येणार आहे?”

शेवटच्या दिवशी संध्याकाळी खुर्च्या पुरल्या नाहीत. ती माझ्या कडेला उभी राहिली. पहिली पाच मिनिटं कुणीकुणी खुदखुदलं, खोटं कशाला सांगू! मग नायक प्रेमाची कबुली देताना, “तुझ्या केसांना कसला वास येतोय?” म्हणाला, ते तिने सांगितलं आणि थिएटर कोसळायचं बाकी राहिलं. त्यानंतर तिच्या आवाजाकडे कुणाचं लक्ष उरलं नाही. शब्दांकडे होतं. बेकरीवाले टक्क जागे होते.

आणि ती आई आली. शिलाईताईने सांगितलं, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून. एकशेबारा चेहरे आणि कडेला उभे असलेले वेगळे. इतक्या वर्षांत मी असे चेहरे पाहिले नव्हते. तोंडं किंचित उघडी, डोळे भरलेले, आणि तरी ओठांवर हसू.

सिनेमा संपला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण ती सिनेमाच्या उजेडाने दिपली होती, तिला अंधारातले हात दिसत नव्हते, आणि आवाज तर पोचणारच नव्हता. ती मान खाली घालून उभी राहिली.

तेव्हा माझ्या अंगावर काहीतरी पडलं. सावली. ते मला स्पर्शासारखं जाणवलं. काकांनी खिडकीतून दोन्ही हात प्रकाशाच्या झोतात घातले होते आणि ते बोटं पसरून हलवत होते. मुलीच्या शाळेत ते एकदाच गेले होते, बक्षीस समारंभाला. ऐकू न येणारी मुलं टाळी वाजवत नाहीत, हात असे वर हलवतात, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्यावर तिच्या बापाचे हात होते, छताएवढे.

लोकांना कळायला क्षणभर लागला. बाईंनी दिवे लावले. मग सगळेच हात वर गेले आणि हलू लागले. थिएटरात चिटपाखराचाही आवाज नव्हता. ती बघत राहिली. मीही.

आता मी पिवळट झालोय. नवा पडदा सांगून ठेवलाय, थोड्या दिवसांत येईल. माझी तक्रार नाही. ज्या संग्रहालयातून तो मूकपट आला होता, त्यांनी ओठ वाचायला आणखी तीन मूकपट शिलाईताईकडे पाठवलेत, आणि काका रोज दुपारच्या खेळाआधी तिच्याकडून हातांनी बोलायला शिकतात. त्यांची बोटं जाडी आहेत, सारखी चुकतात. काल ‘माफ कर’ म्हणायला गेले आणि हातातून भलतंच निघालं. तिने त्यांची बोटं धरली, एकेक सरळ केली आणि पुन्हा करायला लावलं. तीनदा.

तेव्हा एवढंच सांगतो. माझ्या जागी दुसरा लागला तरी येत जा. दहा मिनिटं आधीच या आणि मागच्या रांगेत बसा. त्यांची शिकवणी चालू असेल. हवं तेवढं बोला, तिला त्रास होत नाही. फक्त उजेडात मध्ये उभे राहू नका.