मी, पाळणे रंगवणारा कुंचला

मी बोलतोय, लक्ष्मणअण्णांचा कुंचला. ब्रश म्हणालात तरी ओ देईन, मानपानाचं वय आता राहिलं नाही.

माझे केस खारीच्या शेपटीचे. तिनं ते आपणहून दिले नव्हते, हे मी विसरलेलो नाही. म्हणून तोरा मिरवत नाही. बरं, थोडा मिरवतो. आमच्या धारवाडकडच्या कलघटगी गावाचे लाकडी पाळणे लांबलांब जातात, आणि अण्णांच्या पाळण्यांवरच्या कृष्णाच्या भुवया मीच काढल्यात. पोटभर रंग प्यायचा आणि एका दमात रेघ ओढायची. काम झालं की अण्णा मला धुवून, बोटांनी टोक करून आडवा ठेवायचे. पाण्यात उभा सोडला तर केस वाकतात, हे त्यांनी अख्ख्या घराला बजावलं होतं. नायलॉनच्या ब्रशाला ते झाडू म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

यंदा त्यांची लेक श्रीलक्ष्मी माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. पहिल्या बाळाचा पाळणा आजोळचा, आणि बाळ जन्मण्याआधी पाळण्याला रंग लावायचा नाही, ही या घरची रीत. म्हणजे बारशापर्यंत हातात बारा दिवस. दुनियेचे पाळणे रंगवले, पण स्वतःच्या लेकीचं बारसं मागून आणलेल्या पाळण्यात झालं, ही सल अण्णांना होतीच. हा पाळणा त्यांना आपल्या हातानं करायचा होता.

पण हात वर्षभरापासून थरथरत होता. वेलबुट्टी, मोर कसेबसे निभावले. दहाव्या दिवशी कृष्णाचा चेहरा उरला. मी मऊ, हात हलला की मी दुप्पट हलायचो. भुवई कपाळावर चढली. अण्णांनी पुसली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली. चौथ्यांदा मला खाली ठेवलं आणि भिंतीकडे बघत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

श्रीलक्ष्मी दारातून बघत होती. तिनं नवऱ्याला सांगून हुबळीहून नायलॉनचा ब्रश मागवला. अण्णांनी तोंड फिरवलं.

"ज्यानं आयुष्यभर अन्न दिलं, त्याला सोडू?"

"सोडू नका, अप्पा. हात हलतोय, तर जरा ताठ कुणीतरी धरा की," श्रीलक्ष्मी म्हणाली. जगाचे अण्णा, तिचे अप्पा.

धरला एकदाचा. नायलॉनला रंग पिता येत नाही, दोन बोटं रेघ झाली की पुन्हा बुडवावा लागतो. पण दाबला तरी परत जागेवर. थरथर त्यात जिरली. तुकड्यातुकड्यानं का होईना, भुवई जमली. मी जळलो, खोटं कशाला बोलू? पण अण्णा हसले, मग माझा राग किती टिकणार!

बारशाला बायका जमल्या. बाळाला तीट लावायची राहिली होती. अण्णा आत आले, मला शिकेकाईनं धुतलं, टोक केलं आणि काजळात बुडवलं.

"या गालाला नायलॉन टोचेल," एवढंच म्हणाले.

हात थरथरला. तीट वाकडी उमटली. अण्णा ओशाळून पुसायला वाकले, तशी श्रीलक्ष्मीनं त्यांचा हात धरला.

"असू दे, अप्पा. तीट कुठं सरळ असते?"

आता मी काजळाच्या डबीशेजारी असतो. रोज सकाळी एक वाकडा ठिपका, बस्स. दुकानात गेलात तर कुठला ब्रश चांगला असं विचारू नका. हात कुणाचा आणि टेकायचा कुठं, ते आधी सांगा. पोरगी तीट नको म्हणेल तोवर मी पुरेन. तेवढं फक्त पाण्यात उभा सोडू नका.