उस्तादाचं उलटं बोट

ऑफिसातली ट्यूब गेली की आपण वायरमनला काय सांगतो? "लाइट न घालवता करा हो, कामं खोळंबतात!" त्या चार मजली इमारतीतही सगळे हेच सांगत, आणि तिथला वायरमन हसत हसत तसंच करी. लोक त्याला उस्ताद म्हणत. तारेत वीज आहे की नाही हे तो टेस्टरने बघत नसे. बोट उलटं करून, मागच्या बाजूने तारेला टेकवायचा. झटका बसला तर हात आपोआप मागे येतो, असं त्याचं शास्त्र. गेली वीस वर्षं ते बोट बघून लोक तोंडात बोटं घालत होते.

हजेरीपुस्तकात मात्र उस्ताद अजून 'मदतनीस'च होता. परवाना नाही, म्हणून त्याच कामाला पगार निम्मा. मुलीचं पुढचं शिक्षण तेवढ्यासाठी अडलं होतं.

"परवाना आणा, दुसऱ्या दिवशी वायरमन म्हणून नाव लावतो," साहेब म्हणाले.

"परीक्षा ना? डाव्या हाताचा मळ!" असं म्हणत उस्ताद गेला. परीक्षक बाईंनी बोर्ड दाखवला. त्याने झाकण उघडलं आणि बोट पुढे केलं.

"थांबा! नापास."

"अहो बाई, मी अजून हात कुठे लावलाय?"

"लावणार होतात ना? तुमचं बघून किती जणांनी हे उचललंय, सांगा बरं."

उस्तादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धुमसतच तो घरी आला. इस्त्री तापेना म्हणून बायकोने भिंतीवरचा बोर्ड उघडला होता. तिच्या एका हातात स्क्रू होते. दुसऱ्या हाताचं बोट, उलटं करून, तारेकडे निघालं होतं.

"अगं ए! मरायचंय का?"

तिच्या हातातले स्क्रू जमिनीवर घरंगळले.

"ओरडताय काय? तुमचं बघूनच शिकले."

"माझी गोष्ट वेगळी!"

"का? वीज तुम्हाला ओळखते वाटतं?"

उस्ताद मटकन खाली बसला.

"आत्ता जसा जीव उडाला ना तुमचा," ती शेजारी बसत म्हणाली, "तसा माझा रोज उडतो, तुम्ही दारात दिसेपर्यंत. पगाराचं होईल काहीतरी. पण तुम्ही नीट शिका हो!"

उस्तादाने वायरमनच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या दिवशी त्याला शिक्षक समजून सगळा वर्ग उभा राहिला! तो लाजला, पण मागच्या बाकावर जाऊन बसला आणि तीन महिन्यांत एकही दिवस चुकला नाही.

पुन्हा तोच हॉल, त्याच बाई. या वेळी उस्तादाने आधी त्या बोर्डाचा मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. 'काम चालू आहे' ही पाटी लावली. पलीकडच्या भिंतीवरच्या वेगळ्या, चालू सॉकेटवर टेस्टर नीट पेटतो का, ते बघितलं. मग तो टेस्टर बोर्डातल्या तारेला लावला.

टेस्टर पेटला!

"बाई, मेन बंद आहे, तरी इथे वीज येतेय. दुसरीकडून जोड दिलाय कोणीतरी."

"मीच दिलाय," बाई पहिल्यांदाच हसल्या. "प्रत्येक परीक्षेत देते. मागच्या वेळीही दिला होता."

उस्तादाने आपल्या बोटाकडे बघितलं. अंगावर सर्रकन काटा आला. आणि त्याच दिवशी परवान्यावर त्याचं नाव चढलं!

दुसऱ्या दिवशी हजेरीपुस्तकातलं 'मदतनीस' खोडलं गेलं. पगार दुप्पट झाला, मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरला गेला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून हाक आली, "उस्ताद, लाइट न घालवता करा हं!"

"घालवणार साहेब, दहा मिनिटं," उस्ताद ठणकावून म्हणाला. "मला घरी जायचंय."

वाचकहो, परवाना म्हणजे नुसता कागद नव्हे, त्यामागे शिक्षण असतं. शिकलेल्या हाताला त्याचा योग्य पगार द्या. आणि आपली दहा मिनिटंही द्या. त्या दहा मिनिटांवर कुणाचं तरी घर उभं असतं.